रिफंडकाका

रिफंडकाका प्रत्येक सोसायटीत एक असतोच. बँकेतून, एलआयसीतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, खिशात दोन पेनं, काखेत प्लॅस्टिकची फाइल. पार्किंगच्या भांडणात तो पडत नाही. त्याचं भांडण थेट भारत सरकारशी असतं, त्यामुळे खालच्या पातळीवर उतरणं त्याला शोभत नाही.

त्याचा सुवर्णकाळ म्हणजे चर्चगेटच्या आयकर भवनातल्या खेपा. टीडीएस जास्त कापला गेला की तो पोळीभाजीचा डबा घेऊन निघे. कुठल्या मजल्यावर कोण बसतं, कोण जेवणानंतर जरा मऊ होतो, हे सगळं त्याला तोंडपाठ. ‘आमचे इन्स्पेक्टर’ हा उल्लेख तो व्याह्यांबद्दल बोलावं तसा करी: आदर आहे, पण विश्वास नाही. शेवटी कधीतरी रिफंडचा चेक पोस्टाने येई. पोस्टमनला चहा, काकूंना गजरा, आणि चेक बँकेत भरण्याआधी चारही मजल्यांवर त्याचं दर्शन.

२००९ साली विवरणपत्रांच्या प्रक्रियेचं केंद्र बेंगळुरूला निघालं आणि काकांचा इन्स्पेक्टर गेला. तरी बरीच वर्षं आयटीआर-व्हीचा कागद सही करून तिकडे पाठवावा लागे. साधं टपाल किंवा स्पीड पोस्ट, कुरिअर बिलकुल चालायचं नाही. ‘शाई निळीच हवी, घडी बारकोडवर नको,’ असं बजावत काका अख्ख्या बिल्डिंगचे लिफाफे स्वतः पोस्टात नेऊन देत. पुढे आधारचा ओटीपी आला आणि तेही काम गेलं.

आता तर खात्याने चांगल्या सेवेचा नुसता छळ मांडलाय. विवरणपत्र उघडावं तर पेन्शन, व्याज, लाभांश सगळं आधीच भरून ठेवलेलं. २०२१ पासून एआयएस नावाचं वार्षिक माहितीपत्रक मिळतं, त्यात आपल्यालाही न आठवणारं उत्पन्न नोंदलेलं असतं. काकूंचं विवरणपत्र भरताना काकांना एका मुदत ठेवीचा पत्ता लागला, तो असाच. तीस वर्षांच्या संसारात काकूंनी जे सांगितलं नाही, ते सरकारने व्याजासकट सांगितलं. त्या दिवशी काकांनी फाइल मिटली आणि जेवणात मीठ कमी असूनही काही बोलले नाहीत.

आणि रिफंड? सरळ खात्यात जमा. पुष्कळदा इतक्या लवकर, की काकांना चिंता करायला वेळच मिळत नाही.

“काका, माझा आलासुद्धा!” तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा जिन्यातून ओरडला.

“नीट बघ. चुकून आला असेल.”

“नाही हो, मेलपण आलाय. पण तो उघडत नाहीये.”

काकांचा चेहरा जरा खुलला. “पॅन लहान अक्षरांत टाक, मग जन्मतारीख. मध्ये जागा सोडू नकोस.” उघडला. काका पुन्हा बेकार.

नोटीस आली तरी तिच्यात रस राहिलेला नाही. छाननी चेहराविरहित, सही डिजिटल, वर लांबलचक क्रमांक. “क्रमांकाशी कसं भांडायचं रे? त्याला बदलीची भीती नाही, बढतीची हाव नाही!”

मध्यंतरी एक आशा दिसली होती. एका वर्षी हिशेबाने रिफंड निघाला नव्वद रुपये, आणि शंभराच्या आतली रक्कम खातं देत नाही. काका कित्येक महिन्यांनी ताठ चालताना दिसले. “रक्कम दहाच्या पटीत गोल करायला यांच्याकडे कलम २८८बी आहे. आणि माझे नव्वद गोल करायला?” चार पानी पत्राचा मसुदा तयार झाला. पण पाठवायचा कोणाला, यावर अडला.

काका खचत चालले होते, आणि सरकारलाच दया आली. १९६१चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला. ८१९ कलमांची ५३६ झाली, आकडे सगळे उलटेपालटे. ‘आकारणी वर्ष’ आणि ‘मागील वर्ष’ हा घोळ संपून सुटसुटीत ‘कर वर्ष’ आलं. बाकी सगळ्यांना हायसं वाटलं. काकांनी मात्र पहाटेचं फिरणं बंद करून कलमं पाठ करायला घेतली. त्यातून यंदाची मेजवानी अशी, की मार्चपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र जुन्या कायद्याने आणि एप्रिलपासूनचा टीडीएस नव्याने. एकाच घरात दोन कायदे!

परवा लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सहज विचारलं, “काका, पीपीएफचे पैसे ८०सीमध्येच दाखवायचे ना?”

काकांनी लिफ्टचं दार हाताने धरून ठेवलं. “कुठल्या वर्षाचे? नव्यात ते १२३ झालंय. थांबा, फाइल आणतो.”

वहिनींच्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या.