कंटाळ्याचा शोध

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या एका मोठ्या शोधाचं श्रेय मी त्यांच्या बुद्धीपेक्षा त्यांच्या कंटाळ्याला देतो. हार्वर्डमध्ये त्यांचे उंदीर खटका दाबत आणि बक्षीस म्हणून खाण्याची गोळी मिळवत. गोळ्या स्किनर स्वतःच पाडत, औषधवाल्यांच्या यंत्रावर. एका प्रसन्न शनिवारी दुपारी त्यांनी साठा मोजला. तो सोमवारी सकाळी साडेदहाला संपणार होता. म्हणजे संध्याकाळपर्यंत यंत्राशी बसणं आलं. मग त्यांना प्रश्न पडला, दर खेपेला गोळी द्यायलाच हवी का? त्यांनी मिनिटाला एकच द्यायचं ठरवलं.

उंदीर रुसले नाहीत. खटका दाबतच राहिले. पुढे तर असं दिसलं, की दर वेळी गोळी मिळणारा उंदीर पुरवठा थांबला की लवकर नाद सोडतो; कधीमधी मिळणारा मात्र कितीतरी वेळ चिवटपणे दाबत बसतो. 1957 मध्ये स्किनर आणि त्यांचे सहकारी फर्स्टर यांनी या कधीमधीच्या प्रकारांवर जाडजूड ग्रंथच काढला. जुगाराची यंत्रं चालतात ती याच तत्त्वावर.

आमच्या घराण्याला हार्वर्डची गरज पडली नाही. कौतुकानं माणूस लाडावतो, हे आमच्याकडे वंशपरंपरागत ज्ञान. आमटी उत्तम झाली तर सगळे गप्प जेवतात. बिघडली तरच वाचा फुटते. आमच्या काकांनी एकदा, बहुधा बेसावधपणे, पुरणपोळी खाताना काकूंना म्हटलं, “आज जमलीय.” त्यानंतर कित्येक वर्षं काकू दर होळीला पोळी वाढून क्षणभर ताटापाशी रेंगाळायच्या.

शिक्षेचं मात्र स्किनरना फारसं कौतुक नव्हतं. 1938 च्या पुस्तकात त्यांनी एक प्रयोग दिला आहे. गोळ्या बंद केल्यावर काही उंदरांना, खटका दाबला की पंजावर चापट बसे. ते लगेच थबकले. पण चापट थांबल्यावर त्यांनी राहिलेला अनुशेष भरून काढला आणि शेवटी एकूण दाबणं चापट न खाल्लेल्यांइतकंच भरलं. हे वाचताना मला आमचा अख्खा सातवीचा वर्ग आठवला. छडीवाले मास्तर रजेवर गेले की आम्हीही थकबाकी अशीच चुकती करायचो, व्याजासकट.

काकांच्या बाबतीत एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. मंडईतून ते आणतील त्या भाजीला काकू नावं ठेवत, पण चार-सहा महिन्यांतून एकदा मेथीची जुडी उलटीपालटी करून म्हणत, “आज कोवळी मिळाली हो.” सत्तरी उलटलेले काका अजूनही भर पावसात, छत्री मानेत धरून, मेथीवालीशी हुज्जत घालत असतात, “मागची जुडी दाखव बघू!”