एक नंबर, म्हणून एक तारा

15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला एक नवं स्वातंत्र्य मिळालं. आपल्या शेतात काय पेरलंय ते सातबाऱ्यावर चढवण्यासाठी तलाठ्याची वाट पाहायची गरज उरली नाही. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप घ्यायचं, शेतात उभं राहायचं, गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. पहिल्या हंगामात यातली शेवटची पायरी सोडून बाकी सगळ्या जमल्या. सर्व्हर बसला, मुदत वाढली. भर पावसाळ्यात रेंज शोधत, मोबाइल डोक्यावर धरून धुऱ्यावरून चाललेली माणसं वऱ्हाडात दिसू लागली. बसमधून जाणाऱ्याला वाटावं, गावाने सामुदायिक नमाजच मांडली आहे की काय, नाही तर ढगांचे फोटो चालले आहेत.

वर्षभराने, 1 ऑगस्ट 2022 ला, अ‍ॅपची दुसरी आवृत्ती आली. चुकीची नोंद 48 तासांत स्वतः दुरुस्त करायची सोय झाली. दुय्यम पिकांची संख्या दोनावरून तीनवर गेली. ही तिसरी जागा कोणाच्या ओरडण्याने मिळाली ते मला ठाऊक नाही, पण ओरडणारा वऱ्हाडी असावा असा माझा दाट संशय आहे. आमच्याकडे कपाशीत तूर असते, तुरीच्या तासात बरबटी असते, धुऱ्यावर अंबाडी असते आणि वाळकाचा वेल कोणी न लावता आलेला असतो. एवढ्या गोतावळ्याला दोन जागा म्हणजे लग्नाला आलेल्या वऱ्हाडाला एकच खोली. आणि याच आवृत्तीत एक सोय अशीही होती, की शेतकऱ्याने अ‍ॅपबद्दलचा आपला अभिप्राय नोंदवावा. सरकारने वऱ्हाडी माणसाला त्याचं मत विचारलं! या धाडसाला माझा नमस्कार.

कारण वऱ्हाडी माणसाचं मत हा काय प्रकार असतो, ते आमच्या घराने पुढे सविस्तर पाहिलं. माझ्या पुतण्याने पुण्यातली नोकरी सोडून अमरावतीत दोन मित्रांबरोबर एक अ‍ॅप करायला घेतलं. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र घरबसल्या भाड्याने ठरवायचं. अ‍ॅप अर्धवट होतं, पण त्या जगात अर्धवट वस्तूला बीटा म्हणतात आणि ती बिनदिक्कत लोकांच्या हातात देतात. यात लाज कसली, असं पुतण्याने मला समजावलं. गूगलचं जीमेल 1 एप्रिल 2004 ला आलं आणि त्याच्या नावाखालची बीटाची पाटी 7 जुलै 2009 ला निघाली. पाच वर्षं जग कच्च्या टपालपेटीत पत्रं टाकत होतं. "काका, तिथं पाच वर्षं चाललं, आपल्याला पाच महिने तरी द्या."

दिले. तपासणीला माणसं कुठली? नातेवाईक. अमरावती ते अकोला आणि मध्ये दर्यापूर, मूर्तिजापुरात जेवढी सोयरीक होती तेवढ्यांच्या मोबाइलमध्ये ते अ‍ॅप जाऊन बसलं.

पहिला अभिप्राय अकोल्याच्या आत्याच्या यजमानांचा आला. पाचपैकी एक तारा. पुतण्या दिवसभर जेवला नाही. रात्री मी फोन लावला, तर भाऊजी खुशीत होते. "अरे, एक नंबर बनवलं पोरानं! म्हणून तर एकावर बोट ठेवलं." दुसरीकडे दर्यापूरच्या त्याच्या मामांनी पाचही तारे दिले होते आणि खाली लिहिलं होतं, "काही कामाचं नाई." खुलासा विचारला तेव्हा म्हणाले, "तारे पोराचे. लिहिलं ते अ‍ॅपचं." या दोघांची सरासरी तीन येते. अशा सरासऱ्यांवर जगभरच्या कंपन्या पुढचे निर्णय घेतात म्हणे.

अ‍ॅपमध्ये 'तक्रार नोंदवा' असं लाल बटण होतं. त्याला एकानेही बोट लावलं नाही. लाल बटण, त्यावर तक्रार हा शब्द. दाबलं की प्रकरण तहसीलला जाणार, हे गावाने गृहीत धरलं. शिवाय घरच्या पोराची तक्रार कायले करायची? तोंडावर मात्र कोणी सोडलं नाही. सकाळी सहाला फोन यायचे. साखरपुड्यात नवरदेव बाजूला राहायचा आणि पुतण्याभोवती कोंडाळं जमायचं. राजकमल चौकात तो गिला वडा खात उभा असताना एका अनोळखी माणसाने त्याला दंडाला धरून विचारलं, "ते ट्रॅक्टरवालं तूच बनवलं ना बे? मंग ते उघडत काहून नाई?" याला अभ्यासक वापरकर्त्याचा सहभाग म्हणतात. आमच्याकडे त्याला बोलणं म्हणतात.

आता उत्तरांचं ऐका. पुतण्याच्या एका मित्राने मोठ्या कंपन्यांच्या चालीवर एक साचा तयार केला होता. मामांनी कळवलं की गाव निवडलं की पडदा पांढरा होते. त्यावर दोन मिनिटांत उत्तर गेलं: प्रिय वापरकर्ते, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया अ‍ॅप काढून पुन्हा टाकावे. मामा थेट अमरावतीला आले. पायही न धुता म्हणाले, "बहिरमच्या जत्रेत याले खांद्यावर घेऊन फिरलो मी. हंडीतलं मटण फुकून फुकून चारलं. अन् आता मी याचा वापरकर्ता?" वहिनींनी भावाला चहा दिला, मुलाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि तिथे जे उत्तर झालं ते कोणत्याही साच्यातलं नव्हतं.

मी तेव्हा त्याला डोनाल्ड क्नुथ यांचं उदाहरण दिलं. संगणकशास्त्रातला हा थोर माणूस. स्वतःच्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला 2.56 डॉलरचा चेक पाठवण्याची त्याची प्रथा 2008 पर्यंत होती. बहुतेक लोक ते चेक वटवत नसत, भिंतीवर लावत. त्याच्या टेक् या प्रणालीचा आवृत्ती क्रमांक प्रत्येक दुरुस्तीगणिक 3.14, 3.141 असा पायच्या किमतीकडे सरकतो. म्हणजे ती पूर्ण कधीच होणार नाही, हे त्याने क्रमांकातच लिहून ठेवलंय. मामांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि हिशेब केला. चूक दाखवायचे पैसे मिळत असते तर दर्यापूर तालुक्यात कर्जमाफीची गरजच पडली नसती.

अ‍ॅपमधली खरी चूक मात्र त्या पांढऱ्या पडद्यात नव्हती. ट्रॅक्टर ठरवताना तारीख आणि तास निवडावा लागे: 24 जून, सकाळी साडेनऊ. अशी तारीख शेतकरी कशी देणार? पेरणी वाफशावर होते. पाऊस पडून गेला, जमिनीतलं जास्तीचं पाणी उतरलं, ढेकूळ हातात घेतल्यावर ना चिकटलं ना धूळ झालं, की वाफसा आला. त्यातून दर्यापूर म्हणजे खारपाण पट्टा. अमरावती, अकोला, बुलडाण्यातून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यातली ही खाऱ्या पाण्याची, काळी, चोपण जमीन. पाणी लवकर मुरत नाही, चिखल सुटत नाही. हलक्या रानात दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चालतो तेव्हा इथे बैलसुद्धा घालवत नाही. अ‍ॅपला याची गंधवार्ता नव्हती. त्याने ठरल्या वेळी ट्रॅक्टर पाठवला, तो धुऱ्यापाशी रुतला, त्याला काढायला दुसरा ट्रॅक्टर आला. अ‍ॅपने दोन्ही ट्रॅक्टर 'सेवा पूर्ण' म्हणून हिरवे दाखवले.

हे पंधरा ताऱ्यांतूनही कळलं नसतं. माझं ठाम मत आहे, की अर्धवट वस्तू लोकांना देणं हा गुन्हा नाही. देऊन आपण वातानुकूलित खोलीत बसणं हा आहे. आपल्याकडे याची चांगली रीत आहेच. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून वाण काढतंय. नवा वाण आधी कित्येक हंगाम वेगवेगळ्या ठिकाणी पेरून पाहतात, मग राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक बसते, तिथे शिफारस होते. त्यावर पुन्हा शिवार फेरी असते. शेतकरी झुंडीने विद्यापीठाच्या शेतात शिरतात, बोंड हातात घेतात आणि उन्हात उभ्या शास्त्रज्ञाला तोंडावर विचारतात, "सायेब, हे तुमच्या वावरात येते. आमच्या वावरात काहून येत नाई?" त्या शास्त्रज्ञाला 'प्रिय वापरकर्ते' म्हणून सुटका नसते.

अर्थात काम झाल्यावरही आमचा माणूस समाधानी होईल अशी भाबडी आशा कोणी ठेवू नये. अमरावती-अकोला रस्ता वर्षानुवर्षं रखडलेला होता. त्यावरचे अभिप्राय लोकांनी मणक्याने दिले. मग जून 2022 मध्ये लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत टाकून झाला आणि गिनीज बुकात नाव लागलं. बातमी वाचून अकोल्याची आत्या एवढंच म्हणाली, "पाच दिवसांचं काम होतं तर इतके वर्ष काय करून राह्यले होते?" अभिप्राय असावा तर असा. उत्तर देणाऱ्याने नोकरी बदलावी.

पुतण्या शेवटी जुलैच्या झडीत मामांच्या वावरात गेला. एक बूट तिथेच राहिला. परत आला तो तारखेच्या चौकटीशेजारी 'वाफसा आल्यावर' असं एक बटण घेऊन. शेतकऱ्याने ते दाबलं की ट्रॅक्टरवाल्याचा फोन वाजतो, मग दोघं बोलून काय ते ठरवतात. म्हणजे एवढा खटाटोप करून अ‍ॅपने अखेर फोन लावून दिला. पण या खरिपात सगळ्यांत जास्त दाबलं गेलेलं बटण तेच आहे, आणि लाल बटणावर आता 'सांगा ना भाऊ' लिहिलंय. त्यावर रोज बोलणी येतात.

अ‍ॅप अजून चाचणीतच आहे. तुमच्या मोबाइलमध्ये आलं तर वापरून पाहा, बिघडलं तर पुतण्याला वाट्टेल ते बोला, त्याला सवय झाली आहे. फक्त हात जोडून एक विनंती: फारच आवडलं, तर कृपा करून एक तारा देऊ नका.