बदलीवर गेलेली रेषा

निर्देशक भूमितीच्या पेपरात एक प्रश्न हमखास भेटतो: २क्ष + ३य = ६ या रेषेला समांतर असणाऱ्या आणि (४, १) या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा. मला यात त्या बिंदूचंच नवल वाटतं. ना लांबी, ना रुंदी. आहे ती नुसती जागा. पण मागणी बघा! रेषा माझ्याच अंगावरून गेली पाहिजे, आणि तीही अगदी शेजारच्यांसारखी!

समांतर रेषा म्हणजे बदली झालेला सरकारी कारकून. गाव बदलतं, स्वभाव नाही. स्वभाव म्हणजे चढ. तो इथे उणे दोन तृतीयांश, म्हणजे तीन पावलं पुढे गेलं की दोन पावलं खाली. (कारकुनाच्या मानानं ही प्रगती बरीच म्हणायची.) बदलतो तो उजवीकडचा ६ तेवढा. तेव्हा डावी बाजू जशीच्या तशी उतरवायची, क्षच्या जागी ४ आणि यच्या जागी १ घालायचा. आठ अधिक तीन, अकरा. २क्ष + ३य = ११. स्वारी नव्या गावी रुजू!

पण इतक्या झटपट सुटलेल्या गणिताकडे आपल्याकडे संशयानं बघतात. आधी चढ काढा, मग य − १ = −२/३ (क्ष − ४) असं मांडा, तिनानं गुणा, मग बाहेरचं उणे कंसातल्या उण्याला भेटून अधिक झालं का ते तपासा. भलेभले याच कंसात पाय घसरून पडतात. वाचलात तर पुन्हा तेच अकरा. फक्त आता पायऱ्यांचेही गुण मिळतात. आणि बिंदू (३, ०) दिला तर? उजवीकडे पुन्हा ६. बदलीचा हुकूम निघाला, पण त्याच टेबलावर!

अशी रेषा एकच निघते हे युक्लिडसारखं आपणही खुशाल धरून चालतो. त्या ‘एकच’नं मात्र दोन हजार वर्षं गणितज्ञांची झोप उडवली होती. ते सिद्ध करता करता हंगेरीचा फार्कश बोयाई टेकीला आला आणि १८२० साली त्यानं आपल्या मुलाला, यानोशला, पत्रातून विनवलं, की समांतर रेषांच्या नादी लागू नकोस, विषयवासनेइतकंच त्यांना भिऊन राहा. मुलगाच तो, ऐकतोय कसला! १८३२ साली बापाच्याच पुस्तकाला परिशिष्ट जोडून त्यानं अशी भूमिती मांडली, की जिच्यात एका बिंदूतून मूळ रेषेला कधीच न भेटणाऱ्या हव्या तितक्या रेषा जातात. बापानं कौतुकानं ते आपल्या जुन्या मित्राला, गाउसला, पाठवलं. त्याचा शेरा आला: याची स्तुती केली तर ती माझीच स्तुती होईल, कारण हे सगळं मी आधीच करून बसलोय.

ही कथा मी भाच्याला रंगवून सांगितली. त्यानं शांतपणे विचारलं, “मामा, मग परीक्षेत किती रेषा लिहू?”

“एकच. पेपर तपासणारे अजून युक्लिडच्या पक्षात आहेत.”