नदीपलीकडचे भाऊजी

बार कसा आहे हे विचारायचं तर वर्ध्याच्या माणसाला विचारावं. पुण्या-मुंबईच्या माणसाच्या गल्लीच्या तोंडाशी बार असतो. एक आवडला नाही तर तो पुढच्यात जातो. मत बनवायची त्याला गरजच काय? वर्धा जिल्हा मात्र जवळपास अर्धशतक कोरडा आहे. इथल्या माणसाला एका पेल्यासाठी जिल्हा ओलांडावा लागतो. एवढं तिकीट काढून गेलेला माणूस नुसता पिऊन येत नाही, परीक्षण करून येतो.

भाऊजी हे अशा परीक्षकांतले ज्येष्ठ. वर्ध्याच्या प्रत्येक वॉर्डात असा एखादा भाऊजी सापडतोच. त्याची पहिली खूण म्हणजे त्यानं वर्धा जिल्ह्याच्या हद्दीत आजवर दारूचा थेंब घेतलेला नसतो, आणि हे तो छातीवर हात ठेवून सांगतो. "बापू 1936 साली इथं राहाले आले. इकडं सेवाग्राम, तिकडं विनोबाजींचं पवनार. या मातीत प्याची म्हणजे शोभते का, सांगा बरं?" रात्री चोरून, चढ्या भावानं घरपोच येणाऱ्या बाटलीचा भाऊजींना मनापासून तिटकारा. तत्त्व म्हणजे तत्त्व. नदी ओलांडली की तत्त्वाची हद्द संपते, त्याला ते तरी काय करणार!

दारूबंदीनं भाऊजींचा भूगोल पक्का केला. नागपूर रोडनं केळझर, सेलडोह मागं टाकलं की बुटीबोरी. पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. दक्षिणेला वरोऱ्याची वाट होती, पण 2015 साली चंद्रपूर जिल्हाही कोरडा झाला आणि ती बुजली. 2021 साली तिथली बंदी उठली तेव्हा भाऊजींनी पेढे वाटले नाहीत, इतकंच. पण त्यांची खरी माया देवळी-भिडीवरून नदीपार कळंबला जाणाऱ्या रस्त्यावर. कारण कळंबला चिंतामणी आहे. बुटीबोरीला कशाला गेला होता, याला घरी उत्तर देता येत नाही. कळंबला कशाला गेला होता, असं कोणी विचारतच नाही. इतरांच्या पंचांगात संकष्टी महिन्यातून एकदा येते, भाऊजींच्या पंचांगात दर आठवड्याला. वहिनींना वाटतं, उतारवयात माणूस देवाला लागला.

2024च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली. मूळ बेत वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा, पण पहिली गाडी नेमकी कळंबपर्यंतच धावली, हे कळल्यावर भाऊजी गहिवरले होते. सरकार लोकांचं ऐकत नाही, असं त्यांच्यासमोर तेव्हापासून म्हणायची सोय नाही. स्वतः मात्र ते एसटीनंच जातात. शेवटच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा झालाय, तो वर्ध्याला जागं करतो.

तर त्या वाटेवरचा भाऊजींचा परमिट रूम. मालकाचे असे तीन आहेत, तिन्ही वर्धा जिल्ह्याच्या वेशीला चिकटून. माणूस धंद्यातला जाणकार दिसतो. 1949च्या दारूबंदी कायद्यानं ओल्या जिल्ह्यातही प्यायला परवाना लागतो, आणि तो प्रकृती जपण्यासाठी मिळतो. म्हणजे कायद्याच्या नजरेनं पाहिलं तर भाऊजी आठवड्यातून एकदा तब्येत सांभाळायला परजिल्ह्यात जातात. काही ठरावीक आजारांत उपचारासाठी प्रवास करणाऱ्याला तर रेल्वेही सवलत देते.

यंदा मालकानं तिन्ही ठिकाणी नूतनीकरण काढलं. पाटी बदलली, 'परमिट रूम'चं 'लाउंज' झालं. भाऊजी पहिल्याच आठवड्यात जाऊन आले आणि पानठेल्यावर त्यांनी निकाल दिला, "सत्यानाश केला ना बाप्पा!"

मुद्दे निघाले. आधी खुर्च्या. पूर्वीच्या प्लास्टिकच्या होत्या, टेबलापासून हव्या तेवढ्या लांब घेता यायच्या, आता सोफा. "सोफ्यात माणूस बुडते. पेला टेबलावर, अन् आपण विहिरीत." मग चकणा. उकडलेले चणे, चिरलेला कांदा, लिंबाची फोड हे न मागता यायचं आणि बिलात नसायचं. आता तेच काचेच्या उंच भांड्यात येतं आणि बिलात त्याला इंग्रजी नाव असतं. सावजी रस्सा गेला, पेरी-पेरी आलं. मेन्यूकार्डाऐवजी टेबलावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा चौकोन. तो मोबाईलनं टिपायचा म्हणे. भाऊजी तिथं पोचले की मोबाईल बंद करतात, ही साधी गोष्ट मालकाच्या लक्षात येऊ नये? जुना वेटर "भाऊ, नेहमीचंच न?" एवढंच विचारायचा. नवा गळ्यात टाय बांधून स्वतःचं नाव सांगतो. "आता त्याचं नाव घेऊन मी काय करू? अन् उद्या त्यानं माझं विचारलं तर?"

हे सगळं वरवरचं. खरं दुखणं दिव्यांचं होतं. जुन्या खोलीत एकच मळका बल्ब होता आणि खिडक्यांवर जाड पडदे. आता छतभर पांढरे दिवे आणि रस्त्याच्या बाजूला अख्खी काच. त्या लख्ख उजेडात भाऊजींनी मान वर केली तर समोरच्या टेबलावर त्यांचे व्याही.

"अरे! तुम्ही? चिंतामणीले आलते वाटते?"

"हो जी. तुम्ही?"

"मी बी दर्शनालेच. गर्दी होती का?"

"होती न. पण दर्शन मस्त झालं."

दोघांनीही त्या दिवशी देवळाची पायरी उतरलेली नव्हती. खरी मौज पुढं आहे. जुना वेटर आता फक्त बिलं आणून द्यायचा, त्यानं बिल ठेवताना सहज म्हटलं, "तुम्ही दोघं सोयरे व्हय? इतकी वर्सं बाजूबाजूच्या टेबलावर बसता, मले कधी सांगतलं नाही." मुलीच्या लग्नाची बोलणी दोन्ही घरांत महिनाभर रखडली होती. ती इथंच, एका बैठकीत उरकली असती, याची हळहळ व्याह्यांना जास्त वाटली.

पानठेल्यावरच्या पोरांनी सुचवलं, मोबाईलवर एक तारा द्या, मालक ताळ्यावर येईल. भाऊजी असे काही पाहत राहिले की पोरं गप्प झाली. मत खाली नावानिशी उमटतं. वहिनी रोज मोबाईलवर भजनं लावतात, त्यांच्यापुढं नेमका तो एक तारा उगवला म्हणजे?

शेवटी मत तोंडीच पोचवलं गेलं. एकट्या भाऊजींनी नाही; नदीअलीकडच्या सगळ्याच गिऱ्हाइकांनी, प्रत्येकानं आपापल्या परीनं, मॅनेजरच्या कानात. मॅनेजर शहाणा निघाला. मागच्या बाजूला, मुतारीच्या वाटेवर, त्यानं सहा टेबलांचा एक कोपरा आडोसा करून दिला, दिवे काढले, प्लास्टिकच्या खुर्च्या माळ्यावरून उतरवल्या. वेटर लोक त्याला आपसात 'वर्धा सेक्शन' म्हणतात. तिथं जागा धरायला आता चारपासून लोक येऊन बसतात.

भाऊजी परवा तिथं बसून आले. कसं वाटलं विचारलं तर म्हणाले, "जागा बरी हाये. पण अंधारात बिल वाचता येत नाही, अन् व्याही म्हणते, तुम्हीच द्या."