फक्त रिपोर्ट दाखवायचाय

दवाखान्याच्या पाटीवर ‘सायंकाळी ६ ते ९’ असं लिहिलेलं असतं. ही वेळ पेशंटसाठी. डॉक्टर सव्वासातला येतात, आणि तेही आल्या आल्या आधी चहा घेतात.

अपॉइंटमेंट फोनवर मिळते, कंपाउंडरने फोन उचलला तर. ‘साडेसहाला या’ हे तो सगळ्यांनाच सांगतो, म्हणून साडेसहाला बाहेर चपलांचा खच पडतो. मग वहीतला नंबर पाळला जातो, असं समजून आपण बसतो. तेवढ्यात एक काकू पिशवीतून एक्स-रेचं पाकीट काढतात, ‘मला फक्त रिपोर्ट दाखवायचाय’ म्हणतात आणि आत शिरतात. रिपोर्टबरोबर गुडघे, नातवाचा खोकला आणि सुनेचं वजनही दाखवून होतं. त्यांच्या पाठोपाठ टायवाले, काळ्या बॅगवाले औषध कंपन्यांचे एमआर. त्यांना नंबर लागत नाही. ते आजारी नसतात ना!

सरकारी रुग्णालयांत २०२२ पासून ‘स्कॅन अँड शेअर’ आलंय. क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करायचा, ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्यातली माहिती परस्पर जाते, टोकन हातात. केसपेपरच्या खिडकीवरची गर्दी टळते. टळलेली ती गर्दी ओपीडीच्या दाराशी भेटते.

इकडे खासगीत अखेर आपलं नाव पुकारलं जातं. आत डॉक्टर फोनवर बोलत असतात. घरबसल्या कुणीतरी ताप सांगतोय, आणि डॉक्टर त्याला अगदी निवांतपणे गोळ्यांची नावं सांगताहेत. स्पेलिंगसकट.