येडं हाय, पन इचारू तर!

भोरच्या एसटी स्टँडवर एक आबा बसलेले असतात. नसरापूर फाट्यावर दुसरे असतात, वेल्ह्यात तिसरे. गावं वेगळी, आडनावं वेगळी. टोपी, चंची आणि काम मात्र एकच. काम म्हणजे गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाकडं बघून तो शहाणा की येडा याचा निकाल देणं. या कामाला पगार नाही, रजा नाही आणि निवृत्तीही नाही. आजवरच्या निकालांची गोळाबेरीज केली, तर शहाण्यांच्या रकान्यात खुद्द आबा निघतील. उरलेलं जग पलीकडच्या रकान्यात.

आबांचाही तसा नाइलाज आहे. हा मुलूखच असा, की इथं सरळ कामासाठी आलेला माणूस हुडकावा लागतो. ज्या डोंगरांवरून खाली रस्त्याला लागण्यात इथल्या माणसांच्या पिढ्या गेल्या, त्याच डोंगरांवर जायची वाट शनिवारी पहाटे पुण्या-मुंबईची पोरं विचारत असतात. भोरच्या उशाशी रोहिडा किल्ला आहे. त्याचं दुसरं नाव विचित्रगड. ‘‘गडच इचित्र, तर चढनारं सरळ कसं आसंल?’’ हा आबांचा बिनतोड सवाल. वेल्हे तालुक्याला राजगड म्हणायचं सरकारनं २०२४ साली ठरवलं, तेव्हा वेल्ह्याचे आबा म्हणाले, ‘‘पाटी बदला, काय बी करा. उतरनारी मानसं तीच हायेत.’’

भोरच्या आबांची जागा ठरलेली आहे: चौकशीच्या खिडकीसमोरचं बाकडं. खिडकीतले साहेब गाडी कधी येईल ते सांगतात. आबा ती का आली नाही तेही सांगतात. त्यामुळं गर्दी बाकड्याशी जास्त. हातात बारमाही छत्री. पावसाळ्यात पावसासाठी, उन्हाळ्यात उन्हासाठी आणि थंडीत माणसांवर रोखण्यासाठी. आरोपी पायरीवरून उतरला की छत्रीचं टोक त्याच्याकडं वळतं. मग चंची सुटते, तंबाखूवर चुना पडतो, अंगठा फिरतो, दोन टिचक्या बसतात आणि चिमूट ओठाआड जाता जाता निकाल लागतो, ‘‘येडं हाय.’’

आवाज असा, की आरोपीला स्वच्छ ऐकू जावा. आपण शिकलेली माणसं असला निकाल मनातल्या मनात देतो, चेहऱ्यावर हसू ठेवतो आणि पुढं जातो. आबांना ही सोय माहीत नाही. निकाल दिल्यावर त्यांनाच चैन पडत नाही. ‘‘येडं हाय, पन इचारू तर!’’ असं म्हणत छत्री हलते आणि आरोपीला बोलावणं जातं, ‘‘ए, हिकडं ये.’’ आधी निकाल, मग सुनावणी. क्रम उलटा आहे हे खरं, पण सुनावणी चुकत नाही. तीत प्रश्न तीनच असतात. गाव कंचं? कुनाचा तू? जेवलास का?

भोरला पंतसचिवांचा राजवाडा आहे आणि सिनेमावाल्यांचा त्याच्यावर डोळा असतो. एकदा अंगरखा, पगडी, कमरेला तलवार असा एक सरदार स्टँडवरच्या टपरीवर आला आणि ‘‘चार्जर आहे का?’’ म्हणून विचारू लागला. छत्री उठली.

‘‘सरदार, गाव कंचं?’’

‘‘हडपसर.’’

‘‘कुनाचं तुम्ही?’’

सरदारानं मिशीचा सुटलेला कोपरा दाबून धरत सांगितलं, की तो सध्या कुणाचाच नाही, रोजावर आहे. लढाई दुपारनंतर आहे आणि त्याला पहिल्याच हल्ल्यात मरायचं आहे.

‘‘जेवलास का?’’

‘‘जेवण मेल्यावर देतात.’’

आबांनी टपरीवाल्याला वडापाव द्यायला सांगितलं. ‘‘मरायचंच हाय, तर उपाशी कशापायी?’’ सरदारानं तलवार बाकड्याला टेकवली आणि मिशी सांभाळत दोन वडापाव खाल्ले.

राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात, आणखी एक आबा आहेत. त्यांचा सगळा व्यवसाय गड चढणाऱ्यांवर चालतो. राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. त्या नेढ्यात बसून वारा खायला माणसं दोन-अडीच तास धापा टाकत चढतात. ‘‘वारा हितं न्हाय व्हय?’’ एवढं विचारून हे आबा गप्प बसतात. त्याच वाटेनं गावातली बाई डोक्यावर ताकाचं भांडं घेऊन, साध्या चपलांवर, पोरांच्या निम्म्या वेळात वर पोचते. पोरं ताक पिता पिता म्हणतात, या बाईंची कमाल आहे, रोज चढतात! बाई सुटे पैसे मोजता मोजता म्हणते, या पोरांची कमाल आहे, विकायला काही नसताना चढतात!

तिसरी हकिगत रायरेश्वराची. पावसाळा सरत आला, की पठारावर फुलं येतात आणि फुलांमागोमाग अभ्यासक येतात. असा एक जण गवतात पालथा पडलेला पायथ्याच्या कोर्ल्याच्या आबांना दिसला. आबांना आधी वाटलं, पिऊन पडलाय. जवळ गेले, तर डोळ्याला भिंग लावून नखाएवढं जांभळं फूल बघत होता. सीतेची आसवं. त्यानं सांगितलं, की याला जमिनीखाली बारीक पिशव्या असतात, त्यांत पाण्यातले किडे सापडतात आणि हे झाड ते पचवतं. आबांनी बराच वेळ विचार केला. ‘‘मंग येडं कोन म्हनायचं, तू का झाड?’’

पण पुढं उलटतपासणी झाली. त्यानं विचारलं, ‘‘आबा, इकडची कारवी शेवटची कधी फुलली?’’ आबांच्या लेखी कारवी म्हणजे घराची भिंत. तिच्या काठ्यांचा कूड घालायचा, वरून शेणमाती लिंपायची, की खोली उभी राहते. कारवीचं फूल हा विषय त्यांना आजवर कुणी विचारलेला नव्हता, तरी उत्तर तयार होतं. ‘‘थोरलीचं लगीन झालं त्या सालाला. मध लई निघाला व्हता.’’ त्याच्या आधी? ‘‘आमचा पवळ्या बैल दरीत गेला त्या सालाला.’’ बोटांवर हिशोब झाला. लग्न आणि बैल यांच्यात बरोबर सात वर्षं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. अभ्यासक गवतातून उठून बसला, वही काढली आणि ‘बैल दरीत गेला’ हेसुद्धा त्यानं लिहून घेतलं. तेव्हा आबांची खात्री पटली, की आपला मूळ निकाल चुकीचा नव्हता.

अशी माणसं सह्याद्रीला नवी नाहीत. १९७०च्या दशकात पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ देवराया धुंडाळत हिंडत होते. दोन शिकलीसवरलेली माणसं देवाच्या रानात झाडं नोंदताना बघून पारापारांवरच्या आबांनी काय निकाल दिला असेल, ते सांगायला नको. पण तेव्हा दुसरा एक निकाल शहरात लागलेला होता. रायीतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा गावकऱ्यांचा नेम शिकलेल्यांना तितकाच खुळा वाटायचा. अंधश्रद्धा म्हटलं, की विषय संपत असे. या दोघांनी तो तिथं संपवला नाही. काय राखता, कुणासाठी राखता, का राखता, हे ते विचारत गेले. १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि आजूबाजूचं रान तुटून गेलं तरी जुनी झाडं या नेमामुळं टिकली, ही गोष्ट जगाच्या कानावर गेली. दोन्हीकडचे येडे एकमेकांना भेटले आणि दोन्हीकडचे शहाणे ठरले.

आणि रायरेश्वराचंच म्हणाल, तर १६४५ साली तिथल्या देवळात शिवाजीराजांनी मावळातल्या सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली, अशी परंपरा आहे. राजांचा जन्म १६३०चा. म्हणजे वय पंधरा. जहागीरदाराचा मुलगा पोरं जमवून रानोमाळ हिंडतोय हे बघून, ‘घरचं समदं चांगलं आसून ही पोरं डोंगरात कशापायी?’ असं पायथ्याला कुणीतरी म्हणालंच असणार. हे मी आबांना सुनावलं. त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. ‘‘आमचा खापरपणजा आसं म्हनला नसंल. त्यो संगटच गेला आसंल.’’ यावर बोलणं खुंटतं. मावळात ज्याला विचाराल, त्याचा खापरपणजा संगटच गेलेला असतो.

आबांची बाजू घेताना डोळे झाकायचं मात्र कारण नाही. पहिला प्रश्न निर्मळ आहे. दुसऱ्यात काटा आहे. ‘कुनाचा तू’ म्हणजे बापाचं नाव, मग आडनाव आणि आडनावाच्या आडून जात. उत्तर मिळालं की आबांच्या डोक्यात एक कप्पा उघडतो आणि माणूस त्यात जाऊन पडतो. इथं आबा काही जगावेगळे नाहीत. वेगळेपण आहे ते एवढंच, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काहीही येवो, तिसरा प्रश्न येतोच. आजवर कुणाच्या आडनावामुळं तो गाळलेला मी ऐकला नाही.

गावगाड्याला विचित्र दिसणाऱ्या माणसांची सवय होती. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव, पहाटेच्या अंधारात येऊन भविष्य सांगणारा पिंगळा, अंगावर आसूड ओढणारा पोतराज, खोटा फौजदार बनून दारात दरडावणारा बहुरूपी. बायका त्यांना हसायच्या, पोरं त्यांना भ्यायची आणि सुपातलं धान्य त्यांच्या झोळीत पडायचं. यांतला एखादा आज शहरातल्या सोसायटीच्या फाटकाशी उभा राहू द्या. पहिल्या मिनिटाला त्याचा फोटो ग्रुपवर जाईल, ‘हा कोण आहे? सावध राहा.’ वरच्या मजल्यांवरून अंगठे उठतील, हात जोडले जातील, कुणी आभारही मानील. खाली उतरून ‘‘बाबा, कुठले तुम्ही?’’ असं विचारायला मात्र कुणी जाणार नाही. दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये, हा आपला सभ्यपणा. म्हणून आपण विचारत नाही. फक्त ठरवून टाकतो.

याची किंमत महाराष्ट्रानं मोजलेली आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं तिथं आली होती. दारोदार फिरून भिक्षा मागणं हे त्यांचं पिढीजात जगणं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा त्यांच्या आधी मोबाइलवरून तिथं पोचली होती. जमावानं पाचही जणांना मारून टाकलं. त्या दिवशी निकाल होता, सुनावणी नव्हती.

म्हणून आबांची भोचक चौकशी मला अलीकडं आवडायला लागली आहे. तिला शह देणारी एकच व्यक्ती मी पाहिली. मुलगी होती, एकटी, बारीक कापलेले केस, पाठीवर तंबू. तिचा पाय जमिनीला लागायच्या आत निकाल लागलेला होता.

‘‘गाव कंचं?’’

‘‘नाशिक.’’

‘‘कुनाची तू?’’

‘‘माझी मीच.’’

छत्री जरा डळमळली. ‘‘जेवलीस का?’’

‘‘नाही अजून. तुम्ही?’’

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. आबांनी चंची सोडली, बांधली, परत सोडली. शेवटी फडक्यातली तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी बाहेर आली, तिच्या डब्यातून मेथीचे पराठे निघाले आणि अदलाबदल झाली. खाता खाता तिनं विचारलं, ‘‘आबा, तुम्हाला कुठं जायचंय?’’

‘‘कुटंच न्हाय.’’

‘‘मग इथं दिवसभर का बसता?’’

‘‘घरात मला कोन इचारतंय? हितं मी इचारतो.’’

गाडीत चढताना ती हसून म्हणाली, ‘‘येडे आहात, आबा!’’ हा निकाल आबा संध्याकाळपर्यंत ज्याला त्याला सांगत होते. वरच्या न्यायालयाकडून शिक्कामोर्तब झाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

हल्ली चौकाचौकांत कॅमेरे बसतायत. परवा एक शिकलेला पाहुणा आबांना म्हणाला, ‘‘आता तुमचं काम संपलं. पुढं पुढं कॅमेराच नुसत्या चेहऱ्यावरून सांगेल, माणूस कुठला आणि कुणाचा.’’

आबांनी चुना मळून घेतला. छत्रीचं टोक पाहुण्याकडं वळलं.

‘‘मंजी दोन प्रश्न त्यानं सोडवलं म्हना. आन तिसरा?’’