कॅरीबॅगांची पिशवी : अंबडकर नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

उद्योग सोपा आहे. पातळ कॅरीबॅगांचे थर एकावर एक ठेवायचे, इस्त्रीने डकवायचे, की रेक्झिनसारखा चिवट तुकडा तयार होतो. त्याची पिशवी शिवायची. दिल्लीत १९९८ साली सुरू झालेल्या अनिता आहुजांच्या ‘कॉन्झर्व्ह इंडिया’ने असेच थर तापवून, दाबून हँडबॅगा केल्या आणि परदेशात विकल्या. आपल्याला भाजी मंडईपर्यंत पोचलं तरी पुरे.

साहित्य : कॅरीबॅगा, इस्त्री, बटर पेपर, कात्री, शिलाई मशीन, जुनी चादर, उघडी खिडकी आणि घरातल्या थोरल्या बाईची परवानगी.

पायरी १ : परवानगी
स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक फुगलेली पिशवी असते, तिच्यात बाकीच्या पिशव्या. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ असं म्हणत हात घालू नका, कारण त्यात टाकाऊ काहीच नसतं. एक लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधायची, एक पावसात गाडीच्या सीटवर घालायची. साडीच्या दुकानातली जाडजूड पिशवी माहेरी जाताना लागते. “असू दे, कामाला येते” हे उत्तर ठरलेलं आहे. सासूबाई मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला गावच्या टेकडीवर गेल्या, की तळातल्या पिशव्या काढाव्यात. वरच्या मोजलेल्या असतात.

पायरी २ : कायदा
महाराष्ट्रात २३ जून २०१८ पासून प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्याच गुन्ह्याला दंड ५,००० रुपये. पुढे केंद्रानेही ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगांना मनाई केली. म्हणजे कायद्याने पाहिलं तर तुम्हाला कच्चा माल मिळायलाच नको. नवशिक्यांनी याची चिंता करू नये.

पायरी ३ : निवड
पिशव्या धुऊन दोरीवर वाळवा. शेजारी विचारतील, उत्तर तयार ठेवा. मग हातात चुरगाळून पाहा. चुरचुर वाजणाऱ्या एका ढिगात, मऊ दुसऱ्यात. दोन्हींना वितळायला लागणारी उष्णता वेगळी, त्यामुळे मिसळलं तर एक थर सुटा राहतो नि दुसऱ्याला भोक पडतं. दुधाच्या पिशव्या मऊ ढिगात जातात. चिप्सची आतून चंदेरी पाकिटं नकोत. पीव्हीसीचं मेणकापड तर मुळीच नको. ते तापलं की घशाला झोंबणारा आम्लाचा वायू सोडतं.

पायरी ४ : इस्त्री
बंद आणि तळाची शिवण कापून टाका. सहा ते आठ थर घ्या, छापील बाजू आत, नाहीतर दुकानदाराचा मोबाइल नंबर बटर पेपरवर उमटेल. खाली चादर, थरांच्या वर आणि खाली बटर पेपर. इस्त्रीचा काटा नायलॉन-रेशमावर. मऊ प्लास्टिक साधारण ११० अंशांना वितळतं आणि सुती कापडाच्या खुणेवर इस्त्री २०० च्या आसपास जाते, तेव्हा घाई नको. इस्त्री फिरती ठेवा, दहा-पंधरा सेकंदांनी तुकडा उलटा. तो आकसतो, म्हणून माप नंतर घ्यायचं. धूर किंवा उग्र वास आला तर काटा खाली घ्या आणि खिडकीशी जा.

लाईट गेल्यास (म्हणजे जाणारच) : पुण्यातल्या ‘रीचरखा’ची आठवण काढा. तिथे पिशव्यांच्या पट्ट्या कापून चरख्यावर सूत काढतात नि हातमागावर विणतात. महावितरणवाचून काही अडत नाही.

पायरी ५ : शिवण
टाका लांब घाला. बारीक टाक्याने भोकं जवळजवळ पडतात आणि पिशवी पोस्टाच्या तिकिटासारखी सरळ रेषेत फाटते. बंद दुहेरी करा.

पायरी ६ : बाजार
आता पिशवी खांद्याला लावून ताठ मानेने भाजी घ्यायला निघा. भाजीवाल्या मावशी मेथी एका कॅरीबॅगेत घालतील, मिरच्या दुसरीत, टोमॅटो तिसरीत. “मावशी, पिशवी आणलीय” असं सांगून पाहा. “आता कशाला काढताय ताई, राहू द्या,” असं म्हणत त्या तिन्ही गाठी तुमच्या पिशवीत ठेवतील. घरी आल्यावर त्या सोडवून, धुऊन दोरीवर घाला. दुसरी पिशवी करायला पायरी १ ची गरज पडत नाही.